पेटी आंब्यांची, क्रियापद पेटीचं

मार्च २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात माझे बारावीचे पेपर संपले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे आंब्याची काढणी सुरू झाली. आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या पुढे. कलमं साठ-सत्तरच आहेत, पण एप्रिल-मेमध्ये घरात रिकामा हात कुणाचाच नसतो. बाबा आणि काका झेला, म्हणजे फळ काढायची जाळीची काठी, घेऊन झाडावर, आई प्रतवारीला, आजी आढीवरचा, म्हणजे पिकायला मांडलेल्या आंब्यांवरचा, पेंढा सारखा करायला, आणि मी पेट्या भरायला. त्याच दोन महिन्यांत मला पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायची होती. निवडणुकीमुळे परीक्षेची तारीख पुढे सरकून मेच्या अखेरीस गेली होती, म्हणून थोडे जास्तीचे दिवस हाती आले.

त्या वर्षी पेपर १५० प्रश्नांचा, १५० गुणांचा आणि दोन तासांचा होता. कायद्याचा कल (लीगल ॲप्टिट्यूड) ४० प्रश्न, तर्क ४०, सामान्य ज्ञान ३०, इंग्रजी ३०, गणित १०. पुढच्या वर्षीपासून प्रश्न १२० केले, त्यामुळे आता तयारी करणाऱ्यांनी आधी ताजी माहितीपुस्तिका पाहावी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. बाकीचे भाग मराठीतही वाचता येत होते. इंग्रजीच्या ३० प्रश्नांना मात्र मराठीचा आधार नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. इंग्रजी पहिलीपासून होतं, बारावीपर्यंत कधी नापास झाले नाही, पत्रलेखन आणि निबंध पाठ करून चांगले गुणही मिळवले. म्हणून इंग्रजीची मला भीती नव्हती. पहिली सराव परीक्षा घरीच, माजघरात घड्याळ लावून दिली. इंग्रजीत ३० पैकी १३ आले. त्यातही सहा-सात तरी अंदाजाने ठोकलेले होते, हे माझं मला माहीत होतं.

मी बाजारातलं एक जाडजूड व्याकरणाचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. काळाचे बारा प्रकार, प्रत्येकाचं सूत्र, प्रत्येकाची पाच-पाच उदाहरणं. आठ दिवस वाचलं. सूत्रं पाठ झाली. दुसऱ्या सराव परीक्षेत १४ आले.

तेव्हा मी शेजारच्या वहिनीकडे गेले. ती लग्नाआधी कोल्हापूरकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. आता ती त्यांच्या बागेचा हिशेब बघते आणि संध्याकाळी पडवीत बसून फळांवर कागद गुंडाळते. मी दोन्ही उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवल्या. तिने चुकलेले प्रश्न वाचले आणि नियम न सांगता एकच विचारलं, "हे उत्तर निवडताना तुझ्या मनात काय आलं ते सांग."

मी म्हटलं, "ऐकायला बरोबर वाटलं."

"कुणाच्या कानाला?"

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होते. इंग्रजी व्याकरणाच्या तयारीबद्दल जिथे तिथे सांगतात की वाक्य मनात म्हणून बघा, खटकलं तर चूक तिथेच आहे. ज्याच्या घरात, गल्लीत, बसमध्ये इंग्रजी बोललं जातं त्याला हा सल्ला उपयोगी पडत असेल. माझ्या कानावर अठरा वर्षं मराठी पडली होती. मला बरोबर वाटायचं ते मराठीला बरोबर असलेलं. म्हणून नियम पाठ करण्याआधी माझा कान नेमका कुठे आणि का फसतो हे शोधायला हवं होतं. बाकीची सगळी तयारी मी याच एका गोष्टीवर उभी केली, आणि मराठी माध्यमातून येणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हेच सांगते.

वहिनीने मला एक वही करायला लावली. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य आणि मी निवडलेलं उत्तर. उजव्या पानावर बरोबर उत्तर, आणि खाली मराठीत एक ओळ : कान का फसला? नियमाचं नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं. नियमाचं नाव लिहिलं की आपल्याला समजल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

वहीतली पहिली नोंद अजून आठवते. वाक्य होतं, 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी.' यात चूक शोधायची होती. मी 'चूक नाही' हा पर्याय निवडला होता. उत्तर होतं, 'आर' च्या जागी 'इज' हवं. एकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद हा नियम मला पाचवीपासून येत होता. मग ही चूक दिसली का नाही?

उत्तर मला आढीपाशीच सापडलं. आपण म्हणतो, 'आंब्यांची पेटी जड आहे.' मराठीत आंबे आधी येतात, पेटी नंतर. ज्याच्याबद्दल बोलायचं ती पेटी क्रियापदाच्या बाजूला बसते आणि तिचं वर्णन तिच्या मागे राहतं. आपला कान जन्मापासून शेजारच्या नामाकडे बघायला शिकलेला असतो, आणि मराठीत ते शेजारचं नाम बहुतेक वेळा बरोबरच निघतं. इंग्रजीत हा क्रम उलटतो. पेटी आधी, मग 'ऑफ', मग आंबे, मग क्रियापद. शेजारी आंबे बसलेले, म्हणून कान आंब्यांचं क्रियापद लावून मोकळा होतो. त्यात आपल्याकडे भूतकाळात क्रियापद चक्क कर्माकडे बघतं : मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली, मी आंबे खाल्ले. खाणारी मी एकच, पण क्रियापद तीनदा बदललं. असा कान घेऊन इंग्रजी वाक्यात कर्ता शोधायचा तर आधी त्याला थांबवावं लागतं.

वहीत मी लिहिलं, 'ऑफच्या मागे बघ. पेटी तिथे आहे.' त्यानंतर 'इच ऑफ द वर्कर्स', 'वन ऑफ द ट्रीज', 'द क्वालिटी ऑफ द फ्रूट्स' असली वाक्यं आली की मी पेन्सिलीने 'ऑफ' पासून पुढचे शब्द झाकायची. उरलेल्या शब्दांशी क्रियापद जुळतं का ते पाहायची. एका आठवड्यात या प्रकारच्या चुका जवळजवळ थांबल्या. अपवाद 'नायदर-नॉर' चा. तिथे इंग्रजीही शेजारच्या कर्त्याकडेच बघते. तो मी वेगळ्या रंगात लिहून ठेवला, कारण इतक्या कष्टाने आवरलेला कान तिथे पुन्हा मोकळा सोडायचा होता.

'पासून' या शब्दानेही मला खूप छळलं. 'मी दोन वर्षांपासून शिकतेय' आणि 'मी सोमवारपासून शिकतेय', मराठीत दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. इंग्रजीत दोन वर्षं ही कालावधीची लांबी आहे, तिला 'फॉर'. सोमवार हा सुरुवातीचा बिंदू आहे, त्याला 'सिन्स'. आणि काम तेव्हा सुरू होऊन अजून चालू आहे म्हणून 'हॅव बीन लर्निंग'. मी कायम 'आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स' लिहायची आणि त्यात मला काडीचंही खटकायचं नाही. वहिनीने सुतळीचा तुकडा हातात दिला. म्हणाली, "सुतळीची लांबी सांगायची असेल तर फॉर. सुतळी जिथे बांधलीय त्या खुंटीचं नाव सांगायचं असेल तर सिन्स." परीक्षेच्या खोलीतही मला ती सुतळी दिसत होती.

'बद्दल' आणि 'शी' या प्रत्ययांनीही असंच केलं. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहावंसं वाटतं. इंग्रजीत 'डिस्कस' ला 'अबाउट' लागत नाही. आपण कुणाशी लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ'. तिथे 'टू' हवं. अशा शब्दयोगींची जंत्री मोठी आहे, ती पाठ करण्यावाचून इलाज नाही. मी ती पेट्यांवर लावायच्या लेबलांच्या उरलेल्या कोऱ्या बाजूंवर लिहून स्वयंपाकघरात फडताळाला चिकटवली. आजी विचारायची, "बाय, हे काय गो लावलंस?" मी वाचून दाखवायची. रोज वाचून दाखवता दाखवता माझं पाठ होत गेलं.

म्हटलेलं वाक्य सांगताना आपण किती सैल असतो हेही तेव्हाच लक्षात आलं. 'काका म्हणाले की मी उद्या येतो.' यातला 'मी' म्हणजे काका, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. 'की' आला तरी आपण बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवतो. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढून 'दॅट' घातलं की सगळं सांगणाऱ्याच्या बाजूने फिरवायचं : मी चा तो, येतो चं 'वुड कम', उद्याचं 'द नेक्स्ट डे'. मी 'दॅट' घालायची आणि आतलं काही हलवायची नाही. वहीत लिहिलं, 'आपला की दार उघडं ठेवतो. दॅट दार लावून घेतो.'

'-ताना' ची गोष्ट मात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती कुठल्याही पुस्तकात मला सापडली नव्हती. प्रश्न असा होता, 'वॉकिंग अलाँग द जेटी, माय बॅग फेल इन्टू द वॉटर.' मला त्यात चूक दिसेना. दिसणार कशी? 'जेटीवरून चालताना माझी पिशवी पाण्यात पडली' हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. चालणारी मी, पडणारी पिशवी, '-ताना' ला दोन वेगळे कर्ते चालतात. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामाआधी चालणारा जो कोणी, तोच स्वल्पविरामानंतर कर्ता म्हणून यायला हवा. नाहीतर पिशवीच जेटीवरून चालत होती असा अर्थ होतो. मी दोन-तीन दिवस हा नियम पुन्हा पुन्हा विसरले. मग एका दुपारी पेटीत पेंढा भरताना सुचलं की असा एककर्त्याचा हट्ट मराठीतही आहे, फक्त '-ताना' मध्ये नाही, तो '-ऊन' मध्ये आहे. 'जेवून मी झोपले.' जेवणारी मी, झोपणारीही मीच. 'जेटीवरून चालून माझी पिशवी पडली' असं कुणी म्हणणार नाही, लगेच खटकतं. म्हणजे माझ्या कानात तो नियम होताच, मी चुकीच्या प्रत्ययाशी जोडत होते. तेव्हापासून वाक्याच्या सुरुवातीला असं 'इंग' आलं की मी मनात '-ऊन' लावून बघते. खटकलं की चूक सापडली.

मी धावत वहिनीकडे गेले आणि तिला हे सांगितलं. तिने हातातला आंबा खाली ठेवला, दोन-तीन वाक्यं मनात म्हणून पाहिली आणि म्हणाली, "हे मला शिकवताना कधी सुचलं नाही." त्या दिवशी रात्री मला फार छान झोप लागली.

आता विरामचिन्हांकडे येते. सराव संचांत त्यांच्यावर थेट प्रश्न थोडे असायचे, पण लांब वाक्यातली चूक शोधायला मला त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. आणि मला कायदा शिकायचा होता तोही मुळात अशाच एका खुणेपायी.

आमच्या घरी ट्रंकेत मोडीतला एक कागद आहे. पणजोबा आणि त्यांच्या भावाने केलेल्या वाटणीचा. मोडीत आधी शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. मराठीत ही चिन्हं रूढ केली मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात. १८५० मध्ये त्यांनी त्यावर एक लहान पुस्तकही काढलं. पण मोडीतले घरगुती कागद पुढेही कितीतरी वर्षं चिन्हांवाचूनच लिहिले गेले. आमच्या कागदात एक ओळ आहे. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून बाबांनी ती देवनागरीत उतरवून घेतली : 'विहिरीलगत माड दोन व आंबा एक'. विहिरीजवळ माड दोन आहेत, आंबा नाही. एक जुना आंबा आहे तो वर घाटीवर (चढावर), गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून. मग कागदातला आंबा कोणता? विहिरीजवळचा, जो कधीतरी मेला असेल? की घाटीवरचा, आणि 'विहिरीलगत' फक्त माडांपुरतं? या एका ओळीवरून आमचं घर आणि चुलत घर कित्येक वर्षं धड बोलत नव्हती. लहानपणी मी आजोबांना विचारायची, "यात एक रेघ मारली असती तर काय झालं असतं?" ते म्हणायचे, "रेघ मारणारा कुठे होता तेव्हा."

कायद्याचा कल या भागाची तयारी करताना अमेरिकेतल्या मेन राज्याचा एक खटला वाचनात आला. तिथल्या एका दूध कंपनीच्या गाडीचालकांनी जादा कामाचे पैसे मागितले होते. त्या राज्याच्या कायद्यात जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना लागू नाही याची यादी तेव्हा अशी होती : शेतमाल, मांस-मासे आणि नाशवंत पदार्थ डबाबंद करणं, टिकवणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट' नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे यादीतलं वेगळं काम, की पाठवणी किंवा वितरण यांसाठी केलेलं पॅकिंग हे एकच काम? चालक वितरण करत होते, पॅकिंग नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मी ते पेट्यांच्या ढिगाजवळ बसून वाचलं. मासे वाळवणं, फळं भरणं, माल पाठवणं, आमच्याच गावातल्या कामांची यादी वाचतेय असं वाटलं. आणि आमच्या ट्रंकेतला कागद तर डोळ्यांसमोर होताच.

त्यानंतर स्वल्पविराम मी वेगळ्या आस्थेने शिकले. तोवर माझी समजूत अशी की दम घ्यायचा तिथे स्वल्पविराम द्यायचा. मराठीत बरेचदा तेवढ्यावर भागतं. 'पाऊस आला, आम्ही आंबे आत घेतले' हे मराठीत सहज चालतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तर चूक धरतात. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामाबरोबर 'अँड', 'बट', 'सो' असा एखादा शब्द द्या. 'हाउएव्हर' तिथे जोडायला चालत नाही, हे मला तीनदा चुकून कळलं. त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

मग मधल्या मजकुराला दोन्ही बाजूंनी लागणारे स्वल्पविराम. 'द ओनर, अलाँग विथ हिज सन्स, वॉज प्रेझेंट.' यातला मधला तुकडा उचलून काढला तरी वाक्य उभं राहतं, म्हणून तो दोन स्वल्पविरामांत ठेवतात आणि क्रियापद 'ओनर' चंच राहतं. आमच्याकडे वाटेवर बेडं असतं. दोन बाजूंना भोकं पाडलेले दोन खांब, आणि त्यांत आडवे सरकवलेले बांबू. बांबू काढले की वाट मोकळी. पण खांब दोन लागतात, एका खांबावर बांबू राहत नाही. मी वहीत बेड्याचं चित्र काढलं. एकच स्वल्पविराम दिसला आणि जोडीदार सापडला नाही की तिथे थांबायचं, अशी सवय लावून घेतली.

आणि हेच स्वल्पविराम अर्थही बदलतात. 'माय अंकल, हू लिव्ज इन मुंबई, ओन्स द हाउस.' स्वल्पविराम आहेत म्हणजे काका एकच, मुंबईत राहतो ही जाता जाता सांगितलेली माहिती. स्वल्पविराम काढले की काका अनेक, आणि घर त्यांतल्या मुंबईवाल्याचं. कोकणात प्रत्येक घराचा एखादा काका मुंबईला असतोच, त्यामुळे हा फरक मला पुन्हा समजावून घ्यावा लागला नाही. कागदपत्रात असं वाक्य आलं तर किती जणांची झोप उडेल, एवढंच मनात आलं.

अपोस्ट्रॉफीचा घोळ फार दिवस टिकला नाही. मराठीत 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांत फरक एका अनुस्वाराचा. इंग्रजीत तोच फरक ती लहानशी खूण 'एस' च्या आधी आहे की नंतर यावर. एक मुलगा असेल तर आधी, अनेक असतील तर नंतर. 'इट्स' ला मात्र खूण असेल तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' असतं, आणि 'त्याचं' या अर्थाने असेल तर खूण नाही, जशी ती 'हिज' ला नाही.

सरावाचा दिनक्रम साधा होता. पहाटे पाचला उठून तासभर तर्क आणि कायद्याचा कल. दिवसभर बाग. दुपारी जेवणानंतर सगळे आडवे झाले की मी इंग्रजीचे वीस प्रश्न सोडवायची, घड्याळ लावून. १५० प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद, त्या हिशेबाने ३० प्रश्नांना २४ मिनिटं. मी १८ मिनिटांत संपवायचा प्रयत्न करायची, म्हणजे वाचलेला वेळ तर्काला मिळेल. संध्याकाळी वही. वीस प्रश्न सोडवायला बारा मिनिटं लागत आणि चुकलेल्या पाच-सहांची कारणं लिहायला पाऊण तास. पण मार्क वाढले ते त्या पाऊण तासाने. दर मंगळवारी रत्नागिरीला पेट्या पोचवायला टेम्पो जायचा, त्यातून मीही जायची आणि नगर वाचनालयात दिवसभर बसायची. १८२८ साली स्थापन झालेलं हे वाचनालय आहे. तिथे इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घेऊन त्यातला प्रत्येक स्वल्पविराम का आहे हे मी कागदावर लिहीत असे. वाचायला सोपा अग्रलेख त्या पद्धतीने दोन तास घ्यायचा.

सराव परीक्षांचे गुण १३, १४, १७, १६, २१, २०, २४ असे गेले. १७ वरून १६ झाले त्या दिवशी मी रडले. बाबांनी काही न बोलता मला बागेत नेलं आणि एका कलमापाशी उभं केलं. मोहोर तुडतुड्यांनी अर्धा नेलेला, तरी एका फांदीला सहा फळं होती. "ही सहा नीट काढूया," एवढंच म्हणाले, आणि झेला माझ्या हातात दिला. देठासकट फळ काढायचं, चीक सालीवर येऊ द्यायचा नाही. मी सहाही नीट काढली.

परीक्षेच्या दिवशी पहिली एसटी पकडली. भाट्ये पुलावर आल्यावर खाडीचं पाणी स्वच्छ दिसत होतं आणि हवेत पावसाचा दमटपणा होता. केंद्रावर संगणकासमोर बसल्यावर हात थंड पडले. मी आधी इंग्रजी घेतलं. लांब वाक्य आलं की पडद्यावर बोटाने 'ऑफ' चा पुढचा भाग झाकत होते. शेजारच्या मुलाने एकदा वळून पाहिलं, पण मी बोट काढलं नाही. १९ मिनिटं लागली. चार प्रश्न शब्दार्थाचे होते ज्यांचे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. गुण कापत नसल्याने चारही भरले आणि पुढे गेले.

निकाल लागला आणि मुंबईत एका विधी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. इथे वर्गात इंग्रजी दिवसभर कानावर पडतं. वही मी बंद केलेली नाही, नोंदी कमी झाल्यात इतकंच.

गणपतीत घरी गेले तेव्हा चुलत काका आमच्या ओटीवर येऊन बसले होते. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं की जुन्या कागदावरून आता भांडायचं नाही, आपसात नवी याद लिहून ठेवायची आणि नोंदणीचं पुढचं वकिलांवर सोडायचं. मसुदा कुणीतरी आधीच लिहून आणला होता. त्यात ओळ होती, 'विहिरीलगतचे माड दोन व आंबा एक, फळ दोन्ही घरांत समान'. आजोबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं :

'विहिरीलगतचे माड दोन, फळ ज्याच्या त्याच्या घरी एकेका माडाचं; घाटीवरचा, गडग्याला लागून असलेला आंबा एक, फळ दोन्ही घरांत समान.'

काकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि मधल्या चिन्हापाशी थांबले.

"हे काय गो? टिंब आणि खाली शेपूट?"

"अर्धविराम, काका. माडांचं इथे संपलं, आंब्याचं इथून सुरू झालं."

त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी त्या चिन्हापाशी नीट थांबून. मग आजोबांकडे बघून म्हणाले, "पेन द्या."